लेकराच्या थडग्यात मण्यांची रास: चुमाश दफनांमधून समाज कसा वाचायचा?

प्रश्न असा आहे: कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या चुमाश लोकांच्या दफनभूमीत काही तान्ह्या मुलांबरोबर ढिगानं मणी पुरलेले मिळतात. त्यावरून तिथं वंशपरंपरागत सरदारकी होती असं सांगितलं जातं. हा निष्कर्ष एवढा सरळ आहे का? आणि मुळात थडग्यावरून समाजरचना ओळखतात कशी?

आधी माझी बाजू सांगते. मी चुमाश प्रदेशात कधी खणलेलं नाही. माझं काम दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन दफनांमधल्या हाडांवरचं. पण दफनं कशी वाचावीत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कशी वाचू नयेत, हे विद्यार्थ्यांना शिकवताना मी हटकून चुमाशचंच उदाहरण घेते. कारण तिथं तीन साक्षीदार एकत्र उभे करता येतात: जमिनीतली दफनं, स्पॅनिश मिशनांची बाप्तिस्म्याची-लग्नाची दप्तरं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वृद्ध चुमाश जाणकारांनी सांगितलेली, शब्दशः टिपून ठेवलेली माहिती. आपल्या इनामगावच्या, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतल्या, माणसांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत. चुमाशच्या बाबतीत काही गावांच्या प्रमुखांची नावंसुद्धा ठाऊक आहेत.

हे लोक सांता बार्बरा खाडीच्या दोन्ही बाजूंना राहत: मालिबूपासून उत्तरेकडे सान लुइस ओबिस्पोपर्यंतचा किनारा, आतल्या दऱ्या, आणि समोरची सांता क्रूझ, सांता रोझा, सान मिगेल ही बेटं. शेती नाही. मासे, सील, ओकची फळं, बिया यांवर गुजराण. तरीही शेकडो वस्तीची गावं, गावाला ‘वोत’ म्हणजे प्रमुख, काही वोत अनेक गावांवर वचक असलेले. सांता बार्बराजवळच्या स्युख्तुन गावचा यानोनाली हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध, स्पॅनिश कागदपत्रांत ठळकपणे दिसणारा. शेती न करता सरदार, व्यापार, चलन हे सगळं असलेला समाज म्हणून मानवशास्त्रात चुमाशांना इतकं महत्त्व आलं.

चलन म्हणजे शंखमणी. ऑलिव्हेला नावाचा बोटाच्या पेराएवढा शंख फोडून, त्याचे तुकडे घासून, चर्ट दगडाच्या बारीक टोच्यानं भोक पाडून मणी करत. हा उद्योग मुख्यतः सांता क्रूझ बेटावर चाले, आणि तिथल्या उकिरड्यांत मण्यांचा चुरा आणि झिजलेले टोचे अक्षरशः खच पडल्यासारखे मिळतात. मण्यांची सर हाताच्या पंज्याभोवती गुंडाळून मोजत. मण्यांचा आकार आणि शंखाचा कुठला भाग वापरला हे काळाबरोबर बदलत गेलं, त्यामुळे मणी हे पैसेही आहेत आणि आमच्यासाठी तारखेचा शिक्काही. चेस्टर किंग यांनी अनेक दफनभूमींमधला थडग्यागणिक ऐवज लावून मण्यांचा कालक्रम बसवला. त्या भागातला पुढचा बहुतेक अभ्यास त्यावर उभा आहे.

आता तान्ह्या मुलाचा युक्तिवाद. १९७०च्या आसपास आर्थर सॅक्स आणि लुइस बिनफर्ड या पुरातत्त्वज्ञांनी दफनं वाचण्याची एक रीत मांडली. माणूस जिवंतपणी जितक्या भूमिका निभावतो, त्यांचं प्रतिबिंब त्याच्या दफनात पडतं. साठीच्या पुरुषाबरोबर भरपूर मणी मिळाले तर त्यानं ते आयुष्यभरात कमावले असतील, शिकारीत, व्यापारात, होड्या बांधून. पण दीड वर्षाच्या बाळानं काय कमावलं? काहीच नाही. म्हणजे त्याचा मान जन्मानं आलेला. युक्तिवाद देखणा आहे, आणि म्हणूनच धोक्याचाही.

१९६९ मध्ये लिंडा किंग यांनी मेडीया क्रीक या दफनभूमीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जागा आजच्या अगौरा हिल्सजवळ, किनाऱ्यापासून आत. दफनं स्पॅनिश येण्याच्या आधीच्या शतकांतली आणि त्यांच्या आगमनाच्या उंबरठ्यावरची. चारशेच्या घरात माणसं एकाच ठिकाणी पुरलेली, बहुतेक पाय पोटाशी घेऊन मुटकुळं केलेली. किंग यांनी नुसती कुठल्या थडग्यात किती मणी ही यादी केली नाही. श्रीमंत थडगी दफनभूमीच्या कुठल्या भागात पडतात हे पाहिलं. ती विखुरलेली नव्हती, एका बाजूला गोळा झालेली होती, आणि त्या गटात बायका, पुरुष, मुलं सगळे होते. माझ्या मते खरा पुरावा हाच. एका बाळाजवळ मणी आहेत म्हणून काही सिद्ध होत नाही. मण्यांची बाळं, मण्यांच्या बायका आणि मण्यांचे म्हातारे पिढ्यान् पिढ्या एकाच कोपऱ्यात पुरले जातात, तेव्हा तो कोपरा एका घराण्याचा आहे असं म्हणायला जागा राहते.

यात एक खोच आहे, ती विद्यार्थी नेहमी विसरतात. दफनभूमी म्हणजे एका दिवसाचा फोटो नव्हे. ती शंभर-दोनशे वर्षं वापरात असते. श्रीमंत कोपरा हा श्रीमंत घराण्याचा असेल, किंवा गावाचा हात सढळ होता त्या एका काळातला असेल. मण्यांच्या प्रकारांवरून थडग्यांचा काळ वेगळा करता आला तरच दोन्हींतला फरक कळतो.

मालिबूचं उदाहरण याहून रंजक, आणि वादही तिथेच पेटला. मालिबू हे नावच ‘हुमालिवो’ या चुमाश गावावरून आलेलं. तिथं दोन दफनभूमी आहेत. एक जुनी, साधारण इ. स. ११५० च्या आधीच्या काळातली. दुसरी अगदी अलीकडची, साधारण १७७५ ते १८०५ या तीस वर्षांतली. एकच गाव, मध्ये सहा-सात शतकांचं अंतर. नव्या दफनभूमीत शंखमण्यांबरोबर स्पॅनिशांकडून आलेले काचमणी आणि लोखंडी वस्तूही. १८०५ च्या सुमारास ती बंद का पडली हेही कळतं: गावातली माणसं बाप्तिस्मा घेऊन सान बुएनाव्हेंतुरा आणि सान फर्नांडो इथल्या मिशनांत गेली, आणि पुढे मेलेले मिशनच्या कब्रस्तानात पुरले गेले.

लिन गॅम्बल, फिलिप वॉकर आणि ग्लेन रसेल यांनी २००१ मध्ये या दोन्हींची तुलना मांडली. थडग्यातलं सामान, थडग्याची जागा, हाडांवरची वय-लिंगाची आणि आजाराची लक्षणं, आणि ऐतिहासिक कागदपत्रं, सगळं एकत्र ठेवून. नव्या दफनभूमीत वंशपरंपरागत वरचा वर्ग दिसतो यात कुणाला आश्चर्य वाटलं नाही, कारण स्पॅनिश कागदपत्रं तेच सांगतात. महत्त्वाचं ते पुढचं: तशीच रचना जुन्या दफनभूमीतही दिसते, म्हणजे श्रेणीबद्ध समाज ११५० च्या आधीच उभा होता, असं त्यांचं म्हणणं.

हे म्हणणं जीन अर्नोल्ड यांना मान्य नव्हतं. त्यांचं आयुष्यभराचं काम सांता क्रूझ बेटावरच्या मणी बनवणाऱ्या वस्त्यांवर. त्यांच्या मते सरदारकी उभी राहिली ती साधारण ११५० ते १३०० या काळात: दुष्काळ, अन्नाची टंचाई, आणि त्या अडचणीत काही घराण्यांनी मणी बनवणाऱ्यांच्या श्रमावर आणि ‘तोमोल’ या फळ्यांच्या होडीवर ताबा मिळवला. तोमोल ही साधी गोष्ट नव्हे. किनाऱ्याला लागलेल्या रेडवूडच्या ओंडक्यांच्या फळ्या पाडून, त्या दोरीनं शिवून, डांबर आणि पाइनच्या राळेनं सांधे बुजवायचे, यात महिनोन् महिने जात. ज्याची होडी त्याच्या हातात खाडीपलीकडचा व्यापार. अर्नोल्ड यांच्या लेखी सरदारकीची कसोटी श्रमावरचा ताबा ही आहे, मण्यांची रास नव्हे. २००२ मध्ये त्यांनी टेरिसा ग्रीन यांच्यासोबत मालिबूच्या निष्कर्षांवर जाहीर आक्षेप घेतला: जुन्या दफनभूमीचा पुरावा संदिग्ध आहे, तेवढ्यावरून जन्मजात दर्जा म्हणता येणार नाही. त्याच वर्षी गॅम्बल आणि सहकाऱ्यांनी उत्तरही दिलं.

माझं मत विचाराल, तर दोघं दोन वेगळ्या गोष्टी मोजत होते. दफनभूमीत ‘दर्जा’ दिसतो. कारखान्याच्या उकिरड्यात ‘सत्ता’ दिसते. घराणं मानाचं असणं आणि त्या घराण्यानं दुसऱ्याच्या हाताला काम लावणं या दोन पायऱ्या आहेत, आणि पहिली दुसरीच्या कितीतरी आधी येऊ शकते. मला गॅम्बल यांची बाजू जड वाटते, पण तिच्यावरून ११५० च्या आधीचा वोत यानोनालीसारखा डझनभर गावांवर वचक ठेवून होता असं समजणं म्हणजे पुराव्याला ताणणं. थडगी तेवढं सांगत नाहीत.

आता मण्यांकडे परत. थडग्यातले मणी कुणाचे? मेलेल्याचेच, असं आपण गृहीत धरतो. पण मेलेला माणूस स्वतःला पुरत नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्याच वर्षी घोकून घेतात. आपल्याकडे दहाव्याला कोण कोण आलं, कुणी काय केलं, यावरून गेलेल्यापेक्षा मागं राहिलेल्यांच्या नात्याचा हिशोब जास्त कळतो. चुमाशांतही अंत्यविधीला जमलेले लोक मणी अर्पण करत. शिवाय मृताच्या वस्तू जाळून टाकण्याची रीत होती, आणि पुढे सवडीनं मोठा शोकविधी व्हायचा, त्यातही सामान जाळलं जाई. म्हणजे काही संपत्ती थडग्यात गेली, काही धुरात. धुरात गेलेली आम्हाला कधीच सापडणार नाही. रिकामं थडगं म्हणजे गरीब माणूस, हे समीकरण म्हणूनच मला मान्य नाही.

बाळाच्या बाबतीत आणखी एक धागा. चुमाशांमध्ये ‘अंतप’ नावाचं एक मंडळ होतं. विधी, नृत्य, पंचांगासारखं आकाशाचं ज्ञान यांची जबाबदारी त्याच्याकडे, आणि वोत व त्याचे जवळचे लोक बहुधा त्याचे सभासद. सभासदत्व मुलाच्या लहानपणीच, आईबापांनी भरपूर मोल देऊन घेतलं जाई. हाडाच्या शिट्ट्या, स्फटिक, घडीव दगडी गोटे अशा वस्तू काही थडग्यांत मिळतात, त्या या मंडळाशी जोडल्या जातात. आता सांगा, लहान मुलाच्या थडग्यातलं असं सामान जन्मानं मिळालेल्या दर्जाचं, की बापानं मोजलेल्या मोलाचं? मला वाटतं चुमाशांना या प्रश्नात काही विरोध दिसला नसता. मोल मोजण्याची ऐपत घराण्यात होती, म्हणून मूल अंतपमध्ये गेलं. ‘कमावलेलं’ आणि ‘जन्मानं मिळालेलं’ अशी दोन खोकी आम्ही केली, समाज त्यांत बसायला बांधील नाही.

इथंच इनामगावची आठवण येते. तिथं बाळं जोडकुंभांत, घराच्या जमिनीखाली पुरलेली. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडलेले. आणि एक प्रौढ पुरुष मात्र चार पायांच्या मातीच्या भल्यामोठ्या रांजणात बसवलेला, पाय शाबूत. पुरातत्त्वज्ञ म. के. धवलीकरांनी वस्तीतल्या घरांची रचना आणि असे पुरावे जोडून तिथं प्रमुखाची सत्ता होती असं मांडलं. ते पटण्यासारखं आहे, पण असं एकच थडगं हातात असलं की मी आवाज जरा खाली ठेवते. चुमाशांच्या शेकडो थडग्यांबद्दल भांडण अजून मिटलेलं नाही, तर एका रांजणाबद्दल छातीठोकपणे काय बोलायचं?

समाजरचना म्हणजे फक्त वर-खाली नव्हे. मला चुमाश अभ्यासातला सर्वांत आवडता भाग मण्यांशी संबंधितच नाही. मृताला पुरण्याचं काम ‘अकी’ नावाच्या लोकांकडे असे. जाणकारांच्या सांगण्यानुसार यांत बायकांसारखं राहणारे पुरुष असत, आणि वय उलटलेल्या बायकाही. मृतदेह हाताळणं हे आत्म्याच्या दृष्टीनं जोखमीचं काम, त्याला अधिकार लागतो, आणि ज्यांच्याकडून मूल होणार नाही त्यांच्याकडे ते सोपवलेलं. सँड्रा हॉलिमन यांनी हा धागा जमिनीत शोधला. सांता क्रूझ बेटावरच्या दफनांत त्यांना दोन तरुण पुरुष असे मिळाले, ज्यांच्याबरोबर खणायच्या काठीला वजन देणारे भोकाचे दगड आणि टोपल्यांच्या खुणा दोन्ही होते. खड्डा खणायचं आणि माती उपसायचं सामान, म्हणजे अकीची हत्यारं. त्याच तरुणांच्या मणक्यांत त्या वयाला न शोभणारी झीज होती, जी वाकून खणणाऱ्या बायकांच्या पाठीत दिसते. हाडं, सामान आणि सांगितलेली आठवण, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, असं फार क्वचित घडतं. नुसत्या मण्यांच्या मोजणीत हे दोघं ‘मध्यम दर्जाचे पुरुष’ म्हणून तक्त्यात हरवून गेले असते.

हाडांवरच्या जखमांबद्दल थोडक्यात. वॉकर यांना बेटांवरच्या जवळपास पाचातल्या एका कवटीवर भरून आलेला खोलगट घाव दिसला, मुख्य किनाऱ्यावर हे प्रमाण बरंच कमी. बहुतेक घाव जिवावर बेतलेले नव्हते, ठरवून केलेल्या दोन हातांसारखे. बाणांच्या जखमांचं प्रमाण मात्र पॅट्रिशिया लॅम्बर्ट यांच्या अभ्यासात इ. स. ३०० ते ११५० या काळात चढतं आणि नंतर उतरतं. मोठे प्रमुख उभे राहिले म्हणून मारामारी थांबली, की मारामारीला कंटाळून लोकांनी प्रमुख मान्य केले? दोन्ही म्हणणारे आहेत.

मिशनांच्या दप्तरांचा उपयोग मला सर्वांत खात्रीचा वाटतो. जॉन जॉन्सन यांनी बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी जुळवून दाखवलं, की सामान्य पुरुष लग्नानंतर बहुधा बायकोच्या गावी जाऊन राही, पण वोत आपल्याच गावी राहून बायका बाहेरून आणी, कधी एकाहून जास्त. याचा दफनभूमीशी संबंध असा: सामान्यांच्या भागात बायका परस्परांच्या नात्यातल्या आणि पुरुष बाहेरचे असायला हवेत, श्रीमंत कोपऱ्यात याच्या उलट. आईकडून येणारा डीएनए तपासून हे पडताळता येईल.

पण एक उणीव राहतेच. लहान मुलाच्या हाडांवरून मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही, श्रोणीत आणि कवटीत तो फरक वयात येताना उमटतो. म्हणजे ज्या मण्यांच्या बाळांवर हा सगळा डोलारा उभा, ते मुलगे होते की मुली हेच माहीत नाही. मानाचा वारसा फक्त मुलाकडे जाई की मुलीकडेही, हे त्यावर ठरतं. कागदपत्रांत बायका वोत झाल्याच्याही नोंदी आहेत. दाताच्या एनॅमलमधल्या प्रथिनांवरून आता बाळाचंही लिंग कळू शकतं, नखाच्या टोकाएवढा अंश पुरतो.

तो अंश घ्यायचा की नाही, हे मात्र आमच्या हातात नाही आणि नसावं. १८७० च्या दशकात पॉल शूमाखर, स्टीफन बावर्स आणि फ्रान्सहून आलेले लेऑन द सेसाक यांनी या दफनभूमी संग्रहालयांसाठी उपसल्या. वस्तू वॉशिंग्टनला, पॅरिसला गेल्या; कुठली वस्तू कुणाच्या थडग्यातली याची नोंद बहुतेक ठिकाणी उरलीच नाही. सामाजिक अभ्यासासाठी तो सगळा ऐवज जवळपास निरुपयोगी. चुमाश लोक आजही आहेत, सांता यनेझची त्यांची वस्ती अमेरिकेच्या सरकारनं मान्य केलेली आहे, आणि मेलेल्यांचे आत्मे हुमकाक या पश्चिमेच्या टोकावरून पुढं जातात ही श्रद्धाही जिवंत आहे. १९९० च्या कायद्यानं त्यांना पूर्वजांचे अवशेष परत मागण्याचा हक्क मिळाला. वॉकर यांनी त्याच्याही आधीपासून चुमाशांशी बोलणी करत सांता बार्बराच्या विद्यापीठात जमिनीखाली एक अस्थिगृह उभं करायला हातभार लावला, जिथं सांगाडे त्यांच्या संमतीनं ठेवले गेले. २०२४ च्या सुरुवातीपासून लागू झालेल्या नियमांनुसार वंशजांची परवानगी घेतल्याशिवाय असे अवशेष तपासताही येत नाहीत. कुणी मालिबूच्या त्या बाळांच्या दाताचा अंश मागितला, तर उत्तर ‘हो’ येईल किंवा ‘नाही’. ‘नाही’ आलं, तर माझ्या तक्त्यात त्या रकान्यात प्रश्नचिन्ह तसंच राहील.